दोन सेंटिमीटर

हिरवं आणि बुळबुळीत दिसेल त्या सगळ्याला आपण शेवाळं म्हणून मोकळे होतो. टाकीतलं ते शेवाळं, फरशीवरचं शेवाळं, पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर मखमलीसारखं चढतं तेही शेवाळंच. वनस्पतिशास्त्राला हे चालत नाही. टाकीतलं ते शैवल, भिंतीवरचं मॉस, आणि ओढ्याकाठच्या मातीला चिकटलेल्या चपट्या हिरव्या पट्ट्या म्हणजे यकृतका. फुलं आणि परागकणांच्या भानगडीत तिघंही पडत नाहीत. नराच्या पेशी ज्यात तयार होतात त्या अवयवाचं मराठी नाव आहे रेतुकाशय.

मी अकरावीलाच बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, त्यामुळे हा शब्द भेटायला एकोणतिसावं वर्ष उजाडलं. भेटला तो रात्री दीड वाजता, 'मोटिलिटी' शोधताना. लॅबच्या रिपोर्टवर माझा आकडा होता ३१ टक्के, शेजारी छापलेली किमान मर्यादा ४२. त्याआधी आठ महिने बायकोच्या रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफ्या आणि आईने सुचवलेल्या वैद्यांची चूर्णं चालू होती. माझी तपासणी सगळ्यात शेवटी झाली. तीही डॉक्टरांनी सांगितली म्हणून; घरात कुणी तो विषय काढला नव्हता.

पोहणाऱ्या पेशींबद्दल वाचत वाचत मॉसपर्यंत पोचलो. नर रोपाच्या शेंड्याला पानांची वाटी असते, तिच्यात गदेच्या आकाराच्या इवल्या पिशव्या. पाणी मिळालं की पिशवीचं टोक उघडतं आणि आतल्या पेशी बाहेर पडतात. प्रत्येकीला दोन शेपट्या. मादीच्या सुरईसारख्या अवयवापर्यंत त्यांना पाण्याच्या पातळ थरातून पोहत जायचं असतं. वाट दाखवायला साखर: मॉसच्या या पेशी उसाच्या साखरेकडे ओढल्या जातात, हे विल्हेल्म फेफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ सालीच दाखवलं होतं. पण ती जवळ पोचल्यावरची गोष्ट. आमच्या भाषेत हे यूडीपी: पॅकेट सोडून द्यायचं, पोचल्याची पावती मागायची नाही.

बाकीच्यांच्या तऱ्हा वेगळ्या. कारा या शैवलाचे रेतुकाशय नारिंगी गोळ्यांसारखे, नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढे. मार्केंशिया ही यकृतका त्यासाठी छत्री उभारते, पावसाचा थेंब नराच्या छत्रीवर आपटून उडाला की पेशी त्याच्याबरोबर जातात. कोनोसेफॅलम तर त्यांचा फवारा थेट हवेत सोडते. आणि हे नराचे अवयव आहेत हेच पुष्कळ काळ माहीत नव्हतं. लिनेयसने मॉसच्या बोंडांनाच परागकोश समजून घेतलं होतं. खरे नर अवयव कुठले, ते १७८० च्या दशकात योहान हेडविग या डॉक्टरने दाखवलं. चुकीच्या जागी शोधण्याची परंपरा जुनी आहे तर.

मला सगळ्यात आवडला तो २००६ साली प्रसिद्ध झालेला स्वीडनमधला प्रयोग. फुटपाथच्या फटीत उगवणारं रुपेरी मॉस घेऊन नर आणि मादीचे पुंजके प्लास्टरवर ठेवले: काही चिकटून, काही दोन सेंटिमीटरवर, काही चारवर. चिकटून असलेल्यांचं जमलं. अंतर असलेल्यांचं काहीच झालं नाही. मग त्यात स्प्रिंगटेल आणि माइट हे बारकेसे जीव सोडले, तेव्हा दोन आणि चार सेंटिमीटरवरही फलधारणा झाली. त्यांच्या अंगाला चिकटून पेशी पलीकडे गेल्या होत्या.

हे मी बायकोला वाचून दाखवलं. तिने भाजी चिरता चिरता ऐकलं.

"म्हणजे आपल्याला मदत घ्यावी लागेल, हे तू मला मॉसवरून सांगतोयस?"

"नाही गं, नुसतं इंटरेस्टिंग आहे म्हणून."

"बरं. आईंना मात्र सरळ सांग. मॉस वगैरे नको."

रविवारी फोन केला. आई थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तिची चूर्णं बंद करायला सांग." नव्या पेशी तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून डॉक्टरांनी पुढची तपासणी ऑक्टोबरात ठेवली आहे.