एकतीस दिवसांची चूक

आमच्या घरात घड्याळे तीन. भिंतीवरचे आप्पांचे, ते मुद्दाम दहा मिनिटे पुढे ठेवलेले. देवघरातले आईचे, ते केव्हाच बंद पडले आहे, पण माहेरचे म्हणून जागा सोडत नाही. आणि तिसरे माझ्या संगणकाच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात. माझा सगळा विश्वास या तिसऱ्यावर. "ती दोन माणसांनी लावलेली, हे आपोआप लागतं," असे मी आईला मोठ्या तोऱ्यात ऐकवत असे.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी हा संगणक जुना घेतला आणि आप्पांच्या कापडदुकानाची उधारी मी त्यावर चढवली. गिऱ्हाइकाचे नाव, बिलाची तारीख, रक्कम. आणि शेवटच्या रकान्यात आजच्या तारखेतून बिलाची तारीख वजा. आप्पांची मुदत पंचेचाळीस दिवसांची. ती उलटली की रकाना आपोआप तांबडा होई. आप्पा म्हणाले, "बरं केलास. खरं वही पण राहू दे." मला ते थोडे जुनाट वाटले.

गेल्या जुलैत आम्ही चार दिवस लग्नासाठी संकेश्वरला गेलो. जाताना आप्पांनी सवयीप्रमाणे मेन स्विच बंद केला. परत येऊन संगणक सुरू केला, तर तारीख १ जानेवारी २००९! एकही संकेतस्थळ उघडेना. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतेच वैध असते. ही प्रमाणपत्रे माझ्या संगणकाच्या हिशेबी अजून जन्मालाच आली नव्हती.

मी घाईघाईने हाताने तारीख लावली. दिवस नऊ, वर्ष बरोबर, तास-मिनिटेही बरोबर. महिना मात्र जुलैच्या जागी ऑगस्ट पडला. घड्याळाकडे पाहताना माणूस तास बघतो. महिना कोण बघतो?

अकरा तारखेला यादी काढली. एका निवृत्त कन्नड शिक्षकांचे नाव तांबड्या रकान्यात दिसले. नातीच्या लग्नाचे कापड त्यांनी २० जूनला नेले होते. यादीत बावन्न दिवस. मी चिठ्ठी लिहिली, 'मुदत होऊन सात दिवस झाले', आणि दुकानातल्या पोऱ्याबरोबर धाडून दिली.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः दुकानात आले. पैसे मोजून गल्ल्यावर ठेवले. पेन्शन जमा व्हायची होती, म्हणून मुलीकडून मागून आणले होते. मग चिठ्ठी आप्पांपुढे ठेवून हळूच म्हणाले, "एकवीस दिवसच झाले होते, बघा." आप्पांनी वही उघडली. २० जून. वीस वर्षांच्या त्या गिऱ्हाइकापुढे आप्पांनी हात जोडले. मी मात्र कापडाच्या ठाणामागे उभा राहून घडी घालत होतो; घालायची घडी एकही नव्हती.

त्या रात्री आप्पा एवढेच म्हणाले, "चूक कुठं झाली ते शोध."

मी महिना बदलला आणि झोपलो. पावसामुळे रात्रभर वीज गेली. सकाळी पुन्हा २००९. आता मात्र मी चिडलो. घड्याळ आपोआप लावण्याची सोय चालू होती, कालविभागही आपलाच, म्हणजे जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढचा, निवडलेला. मोबाइलवरून इंटरनेटही मिळत होते. मग ते लागत का नाही?

शोधता शोधता कळले ते असे. संगणक इंटरनेटवरच्या एका वेळ सांगणाऱ्या यंत्राला वेळ विचारतो, प्रश्नोत्तराच्या जाण्यायेण्यात गेलेला वेळ हिशेबात धरतो आणि आपले घड्याळ जुळवतो. ही पद्धत डेव्हिड मिल्स यांनी घडवली. तिचा पहिला आराखडा १९८५ चा. परंतु घरगुती विंडोजची मूळ मांडणी अशी आहे, की फरक पंधरा तासांहून मोठा असेल तर ते आपोआप काही बदलत नाही. चार सेकंदांची चूक ते मुकाट्याने दुरुस्त करील; एवढी मोठी चूक दिसली, तर काहीतरी वेगळेच बिघडले आहे असे समजून हात आखडता घेईल. एकतीस दिवस म्हणजे सातशे चव्वेचाळीस तास! बँकेच्या पासबुकाशी ताळा करताना आमचे सरही हेच सांगतात: मोठा फरक दिसला तर आकडा ओढून जुळवू नका, कारण शोधा.

कारण सापडले खडेबाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात. अण्णांनी पेटी उघडली, आतला नाण्याएवढा सेल काढून मीटरला लावला आणि हसले. "सेल् होगेद. टाइम् हेंग निल्तद?" सेल गेलाय, वेळ टिकेल कशी? संगणक बंद असताना वेळ धरून ठेवणारे छोटे घड्याळ आतल्या मदरबोर्डवर असते. भिंतीतली वीज असेपर्यंत ते तिच्यावर चालते, ती गेली की या सेलवर. सीआर २०३२ हे त्याचे नाव: वीस मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. तीन व्होल्टच्या त्या सेलात दोनही उरले नव्हते.

नवा सेल बसवला. मग हाताने तारीख लावली. या वेळी महिना दोनदा पाहिला. आणि शेवटी आपोआप जुळवणीचे बटण दाबले. आठ सेकंदांचा फरक होता. तो क्षणात गेला. मी हा क्रम उलटा धरला होता. शेवटची पायरी पहिल्याही चुका निस्तरील, असे समजून बसलो होतो.

मग सरांच्या घरी गेलो. वाटेत कन्नडमधले वाक्य जुळवत होतो. दारात फक्त "तप्पात्री, सर" एवढेच निघाले. चूक झाली. सरांनी आत बोलावले, चहा दिला, आणि सेलाची सगळी हकिगत वर्गातल्या मुलासारखी ऐकून घेतली. निघताना मराठीत विचारले, "आता बरोबर लागलंय काय?"

"होय, सर."

"बरं झालं. पुढच्या महिन्यात नातवाच्या शाळेचं कापड न्यायचं आहे."

आता चिठ्ठी लिहिण्यापूर्वी मी पडद्यावरची तारीख महिन्यासकट मोठ्याने वाचतो आणि आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरातली. दोन्ही जुळल्या, की मग वही उघडतो.