तोशीस

1982 साली मी एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात रुजू झालो तेव्हा दोनशे दहा मेगावॅटचे तीनही संच नुकतेच उभे राहिले होते. ज्या गावाने मला तीस वर्षे अन्न दिले त्याच गावाच्या शिवारात, गोदावरीचा ओलावा पोहोचेल अशा ठिकाणी, एक एकर काळी जमीन आपल्या नावावर असावी आणि निवृत्तीनंतरचे दिवस राखेच्या नव्हे तर मातीच्या सान्निध्यात जावेत, ही इच्छा 2012 च्या सुमारास माझ्या मनात इतकी बळावली की वसाहतीतल्या क्वार्टरच्या गच्चीवरून धुराड्यांकडे पाहतानाही मला त्यांच्यापलीकडची कांद्याची रोपे आणि द्राक्षांचे मांडवच दिसू लागले. वडिलोपार्जित सातबाऱ्यावर सिन्नर तालुक्यात माझे नाव होते. म्हणून बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास मज्जाव करणारा 1948 च्या कुळकायद्याचा अडसर मला नव्हता. जमीनही मनाजोगी मिळाली. ती विकणारे गृहस्थ साठीच्या घरातले, बोलण्यात सरळ, गावात मान असलेले असे होते. उरला होता तो कागदांचा भाग, आणि त्या भागाविषयी माझी समजूत अशी होती की तो आपल्यासारख्या यंत्रावर काम करणाऱ्या माणसाचा नसून वकिलाचा आहे.

मुंबईत मिळकतीचा व्यवहार करणारा मनुष्य सॉलिसिटरकडे जातो. विक्रेत्याला हक्कासंबंधी लेखी प्रश्नावली पाठवायची, मूळ दस्तऐवज समक्ष तपासायचे आणि उत्तरे असमाधानकारक असतील तर व्यवहार थांबवायचा, ही त्या व्यवसायाची जुनी शिस्त आहे. आम्हा मुफसलातल्या लोकांना तो शब्द परका. आमच्याकडे वकीलसाहेब, दस्तलेखक आणि दलाल या त्रयीवर सारे चालते. नाशिकरोडचे जे वकील मला लाभले त्यांचे नाव येथे लिहिण्याचे कारण नाही. त्यांची शिफारस जमीन दाखवणाऱ्या दलालानेच केली होती, आणि विक्रेत्याचे कागदही तेच पाहत होते. दोन्ही पक्षांचा एकच वकील असला म्हणजे खर्च वाचतो, असे मला सांगण्यात आले आणि ते मी मानले. ज्याने माझ्या वतीने संशय घ्यायचा, त्याला संशय न घेण्यातच सोय होती, ही साधी गोष्ट मला त्या वेळी उमगली नाही. आज त्या साऱ्या प्रकरणाचे मूळ मी त्याच जागी ठेवतो.

पंधरा हजार रुपये घेऊन त्यांनी मला शोध अहवाल दिला. चार पानांचा, टंकलिखित, शेवटी गोल शिक्का आणि ऐटदार सही असलेला तो अहवाल मी घरी आणून देवापुढे ठेवला होता. मागील तीस वर्षांच्या सूची क्रमांक दोन तपासल्या असून सदर मिळकत निर्वेध, निजोखमी व बोजारहित आढळली, असे त्यात लिहिले होते. तिसऱ्या पानावर एके ठिकाणी ‘मौजे’ या शब्दापुढे एकलहऱ्याऐवजी निफाड तालुक्यातल्या दुसऱ्याच एका गावाचे नाव होते. ते मी पाहिले आणि दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांना दाखवलेही. ते म्हणाले, “काका, टायपिंगची चूक आहे. तुम्ही निर्धास्त राहा.” त्यांनी पेनाने नाव खोडून वर एकलहरे लिहिले, आणि मी निर्धास्त झालो. वास्तविक ती चूक टंकलेखकाची नव्हती. दुसऱ्या कोणाच्या जमिनीसाठी लिहिलेला मजकूर माझ्या जमिनीला चिकटवला गेला होता, याची ती कबुलीच होती.

खरेदीखत नोंदवण्याचा दिवस मला स्पष्ट आठवतो. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत अंगठे उमटले, छायाचित्रे निघाली आणि विक्रेत्याच्या धाकट्या भावाने संमती देणार म्हणून सही केली. दस्तऐवजाची भाषा मी मोठ्या आदराने वाचली. जमीन आमच्या मालकीची व कब्जेवहिवाटीची असून तीवर अन्य कोणाचाही हक्क नाही, कोणाची हरकत निघाल्यास ती आम्ही स्वखर्चाने दूर करून देऊ, त्याची तोशीस लिहून घेणार यांस लागू देणार नाही, असे ते शब्द होते. तोशीस या जुन्या शब्दात मला कोणीतरी वडीलधारा पाठीवर हात ठेवून उभा असल्यासारखे वाटले. नाशिकरोडला 1925 पासून जे प्रतिभूती मुद्रणालय आहे त्याच्या भिंतीलगतच्या रस्त्याने मी त्या संध्याकाळी परतलो. मुद्रांकाचा कागद बनावट निघू नये म्हणून सरकार त्या भिंतीआड किती पहारा ठेवते, आणि तेलगी प्रकरणानंतर तो किती कडक झाला, हे नाशिकच्या माणसाला सांगावे लागत नाही. पण त्या अस्सल कागदावर जे लिहिले जाते ते खरे आहे की नाही, हे पाहण्यासाठी कोठेही पहारा नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याखाली निबंधक दस्ताची नोंद करतो, मालकी हक्काची ग्वाही देत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाने 1858 साली अशी पद्धत स्वीकारली की नोंदवहीतले नाव हाच हक्क आणि त्याची हमी सरकारची. आपल्याकडे ती हमी खरेदीदाराने स्वतः शोधायची असते, आणि ती शोधण्यासाठीच तो वकील नेमतो.

महिनाभराने, फेरफाराची नोंद धरून तलाठ्याने नोटिसा काढल्या, तेव्हा पंधरा दिवसांची मुदत संपण्यास तीन दिवस उरले असता लेखी हरकत आली. हरकत घेणारी होती विक्रेत्याची बहीण.

मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी असताना मी तिला प्रथम पाहिले. सत्तरीकडे झुकलेली, नऊवारी नेसलेली, गोदावरीच्या खालच्या अंगाला एका गावात दिलेली बाई; बरोबर नातू होता. भावाशी ती बोलली नाही. माझ्याकडे मात्र वळून म्हणाली, “भाऊ, तुमच्यावर माझा राग नाही. पन मला कुनी इचारलंच नाही.” या एका वाक्यात तिची सारी कैफियत होती, आणि तिला देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते. कारण तीन महिने चाललेल्या त्या व्यवहारात दलाल, वकील, त्यांचा कारकून, साक्षीदार आणि मी स्वतः, यांपैकी एकानेही विक्रेत्याला एक प्रश्न केला नव्हता. बहिणी किती, हा तो प्रश्न. हे शब्द उच्चारायला जितका वेळ लागतो त्याहून अधिक वेळ आम्ही खरेदीखताच्या दिवशी चहा मागवण्यात घालवला होता.

मग जे काम मी पैसे देऊन दुसऱ्यावर सोपवले होते ते स्वतः करण्यासाठी नाशिकच्या तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षात गेलो. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर खातेदाराच्या नावापुढे फेरफारांचे क्रमांक असतात. ते मी आजवर पानाची सजावट असल्यासारखे पाहत आलो होतो. त्यांतल्या सर्वांत जुन्या क्रमांकाची नक्कल मागितली. अर्ज, फी आणि आठवडाभराची प्रतीक्षा, एवढ्यात ती हातात पडली. 1978 सालची वारसनोंद होती ती. निळी शाई तपकिरी होऊ लागलेली, तलाठ्याचे अक्षर वळणदार. खातेदार मयत झाल्याची तारीख, त्याखाली वारसांची यादी, मुलगा, मुलगा, विधवा, आणि चौथ्या ओळीत मुलगी, वय, आणि पुढे ‘सासरी नांदते’ एवढे शब्द. त्याखाली हुकूम असा की थोरल्या मुलाचे नाव ए.कु.क. म्हणून दाखल करावे. एकत्र कुटुंबाचा कर्ता. ही तीन अक्षरे पुढे सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावामागे काही वर्षे होती. पुढच्या एका पुनर्लेखनात ती गळाली, आणि केवळ नाव उरले. संगणकावरच्या स्वच्छ उताऱ्यात तर त्यांचा मागमूसही नव्हता. कुटुंबाच्या वतीने जमीन सांभाळणारा माणूस अशा रीतीने, कोणताही दस्त न होता, कोणीही काही न देता, एकटा मालक दिसू लागला होता.

या बहिणीचा हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने निर्माण झाला असेही नाही. 1956 च्या मूळ कायद्याने मुलीला पहिल्या वर्गाचा वारस केलेच होते. बाप 1978 मध्ये मृत्युपत्र न करता वारला त्या क्षणी त्याच्या वाट्यात तिचा वाटा पडला, मग तो सातबाऱ्यावर उतरो वा न उतरो. महसुली नोंदीने हक्क उत्पन्न होत नाही आणि ती नसल्याने नष्टही होत नाही, हे आपल्या न्यायालयांनी वारंवार सांगितलेले तत्त्व वकिलीच्या पहिल्या वर्षातल्या मुलालाही ठाऊक असते. आणि सूची क्रमांक दोन तपासून असला हक्क कधीही सापडणार नव्हता, कारण त्या सूचीत नोंदवलेले दस्त येतात. मृत्यू हा काही दुय्यम निबंधकाकडे नोंदवण्याचा दस्त नव्हे, वारसा तेथे उमटत नाही. त्यासाठी फेरफार वाचावे लागतात, तीस वर्षांची मर्यादा न मानता मागे मागे जावे लागते, आणि विक्रेत्याला समोर बसवून त्याच्या घरातल्या माणसांची मोजदाद करावी लागते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 ने विक्रेत्यावर हक्कासंबंधीच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे बंधन घातले आहे. परंतु प्रश्नच विचारला गेला नाही तर ते बंधन कागदातच निजून राहते.

मी नक्कल घेऊन वकीलसाहेबांकडे गेलो. मनात राग होता, पण त्याहून अधिक एक आशा होती, की हे पान पाहून त्यांना वाईट वाटेल. त्यांनी ते पाहिले, अहवालाचे शेवटचे पान उलटले आणि तळाशी बारीक टंकात असलेल्या एका ओळीवर बोट ठेवले. सदर अहवाल उपलब्ध सूची व पक्षकाराने दाखवलेल्या कागदपत्रांपुरता मर्यादित आहे, अशा अर्थाची ती ओळ होती. “काका, तुम्ही हा फेरफार मला दाखवलाच नव्हता,” ते म्हणाले. माझ्या निराशेचा कळस तो होता. पैशाचे नुकसान मी सोसले असते. पण ज्याच्याकडे आपण काय पाहायचे हे माहीत नाही म्हणून जावे, त्याने ते न दाखवल्याचा दोष आपल्यावरच ठेवावा, हे मला आजही सहन होत नाही. तो मनुष्य लबाड होता असे मी म्हणणार नाही. त्याने विक्रेत्याशी संगनमत केले असेही मला कधी वाटले नाही. त्याने वाचले नाही, इतकेच. आणि न वाचता सही केली.

दाद मागावी म्हटले तर वाट अरुंद. बार कौन्सिलपुढे गैरवर्तनाची तक्रार करता येते, पण निष्काळजीपणा आणि गैरवर्तन यांतली रेघ तेथे बारीक पाहिली जाते. दिवाणी दावा लावायचा तर तोही वकिलामार्फतच, आणि एकलहऱ्याच्या एका एकरासाठी पुढची दहा वर्षे द्यायची. ग्राहक न्यायालयाची वाटही आता बंद झाली आहे. 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही असा निर्णय दिला. वकिली हा उदात्त व्यवसाय असून व्यापाराच्या पंक्तीत बसवता येणार नाही, ही त्यामागची भूमिका मला मनापासून पटते. पण मग त्या उदात्ततेचा भार कोणी तरी उचलला पाहिजे. जो व्यवसाय बाजाराच्या मापाने मोजला जाऊ इच्छित नाही, त्याने तालुक्याच्या गावात चार पानी ठरावीक अहवाल बाजारभावाने विकू नयेत, असे मला वाटते.

मी दाद मागितली नाही. त्याऐवजी विक्रेत्याच्या ओट्यावर बैठक झाली. दोघे भाऊ, ती बहीण, तिचा नातू आणि मी. गावातल्या एका जुन्या पोलीस पाटलांनी हिशेब मांडला. थोरल्या भावाची मान वर झाली नाही. कर्ता म्हणून आपणच सारे पाहत आलो, बहिणीने कधी मागितले नाही, म्हणून विचारले नाही, असे तो म्हणाला, आणि मला वाटते तो खरेच बोलत होता. बहिणीच्या वाट्याची जी रक्कम निघाली तिच्यातला मोठा भाग भावाने परत केला, उरलेला मी भरला. ‘तोशीस लागू देणार नाही’ हे शब्द मी त्याच्यापुढे वाचून दाखवले असते तर सारेच त्याच्याकडून घेता आले असते, हे मला ठाऊक होते. पण चुकीचा एक वाटा माझाही होता, आणि तो विकत घेतल्याशिवाय त्या जमिनीत नांगर घालण्याचे धैर्य मला झाले नसते. तिने आपल्या हिश्शाचे निराळे खरेदीखत मला लिहून दिले. सही करता येत असतानाही तिने अंगठा उठवला, आणि मग नातवाच्या आग्रहावरून त्याखाली अतिशय सावकाश, माहेरच्या आडनावासह, आपले नाव लिहिले.

वसाहतीतले, कारखान्यातले, प्रेसमधले अनेक लोक आता निवृत्तीच्या पैशातून एकलहरे, सामनगाव, कोटमगाव या भागात जमिनी घेत आहेत, आणि कागद दाखवण्यासाठी माझ्याकडे येतात. मी वकील नाही, म्हणून त्यांना मी वकिलाकडेच पाठवतो. मात्र एवढी विनंती प्रत्येकाला करतो आणि वाचकांनाही करतो. विक्रेत्याचा आणि आपला वकील एक असू देऊ नका. अहवालासोबत सातबाऱ्यावरच्या प्रत्येक फेरफाराची नक्कल मागून घ्या आणि ती वकिलांच्या शेजारी बसून वाचा. आणि इसाराचे पैसे हातातून सुटण्याआधी, सर्वांच्या देखत, विक्रेत्याला त्याच्या बहिणी किती, त्या कोठे नांदतात आणि त्यांना हा व्यवहार ठाऊक आहे काय, हे विचारा.