हॉवर्थचे दगडी घर

एमिली ब्रॉन्टे यांची 'वुदरिंग हाइट्स' वाचून यॉर्कशायरमधील हॉवर्थ गावी जाणाऱ्या वाचकाच्या मनात वाऱ्यावादळाने झोडपलेले, अस्ताव्यस्त घर उभे असते. प्रत्यक्षात समोर येते ते नेटके, शिस्तशीर घर. १७७८-७९ साली बांधलेल्या या धर्मोपदेशक-निवासाची दर्शनी बाजू जॉर्जियन शैलीची, म्हणजे पूर्णतः समतोल आहे : मध्यभागी दार, त्याच्या दुतर्फा दोन दोन खिडक्या आणि वरच्या मजल्यावर पाच. भिंती त्याच प्रदेशातील भरड वालुकाश्माच्या. छपरावरही दगडी फरश्या. उजवीकडचा त्रिकोणी माथ्याचा भाग मात्र ब्रॉन्टे कुटुंबानंतरचा, १८७०च्या दशकातील आहे.

पॅट्रिक ब्रॉन्टे १८२० साली कुटुंबासह येथे आले. दारातून आत शिरल्यावर उजवीकडे वडिलांची अभ्यासिका, डावीकडे जेवणघर. पुरुषाला लिहिण्यासाठी स्वतंत्र खोली होती. मुलींना जेवणाचे टेबल होते. रात्री नऊच्या सुमारास वडील जिन्यावरच्या घड्याळाला किल्ली देऊन झोपावयास जात. त्यानंतर तिघी बहिणी त्या टेबलाभोवती फेऱ्या घालीत आपापल्या कथानकांची चर्चा करीत. १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या 'जेन एअर', 'वुदरिंग हाइट्स' आणि 'ॲग्नेस ग्रे' या कादंबऱ्यांचा विचार करताना ही मांडणी विसरता येत नाही.

घराला लागूनच दफनभूमी आहे. १८५०च्या आरोग्य-अहवालाने गावातील दूषित पाण्याकडे लक्ष वेधले. तेथील चाळीस टक्क्यांहून अधिक मुले वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी दगावत, अशी त्यातील नोंद आहे. ब्रॅनवेल व एमिली १८४८ साली आणि ॲन १८४९ साली निवर्तली.

पुढच्याच वर्षी शार्लट यांनी जेवणघर आणि त्यावरील शयनगृह रुंद करून घेतले. त्यासाठी दिवाणखान्याची नव्हे, तर प्रवेशमार्गाची जागा घेतली गेली. त्याच्या वरच्या बाजूस चूल नसलेली एक चिमुकली खोली होती. नोकर तिला मुलांची अभ्यासिका म्हणत. या फेरबदलात तीही आणखी अरुंद झाली. चौघे भावंडे जेथे बाळपणी काल्पनिक राज्ये रचीत, त्या खोलीचा एक भाग असा भिंतीपलीकडे गेला. जेवणघर प्रशस्त झाले, तेव्हा टेबलाभोवती फिरण्यास एकच बहीण उरली होती.

एलिझाबेथ गॅस्केल यांच्या १८५७च्या चरित्रानंतर ब्रॉन्टे भगिनींची प्रतिभा माळरान, वारा आणि एकांत यांतून उगवली, असे सांगण्याची प्रथा पडली. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु निसर्गाला सर्व श्रेय दिले की समीक्षकाला घराच्या आत पाहण्याची गरज उरत नाही. कोणाची खोली कोणती, दिवा कोणाला आणि केव्हा मोकळा, मृत्यू किती हातांवर, हे प्रश्नही वाङ्मयीनच आहेत. १९२८ पासून हे घर संग्रहालय आहे. तेथील त्या सरकवलेल्या भिंतीपाशी क्षणभर थांबावे. शार्लट यांच्या उत्तरायुष्यातील लेखनामागचे एकाकीपण तेथे मोजता येण्याजोगे झाले आहे.