टिचकी आणि संहिता

कस्तुरबा गांधी मार्गालगतच्या एका खोलीत आमचे लहानसे मराठी ग्रंथालय आहे. (या रस्त्याला अजून कर्झन रोडच म्हणणारे काही वृद्ध वाचक तेथे येतात, मीही त्यांतलाच.) तेथील चार लिनक्स संगणकांची देखभाल निवृत्तीनंतर माझ्याकडे आली, ती दुसरे कोणी नव्हते म्हणून.

संगणकाला आपले म्हणणे दोन रीतींनी सांगता येते. खिडक्या उघडून हव्या त्या खुणेवर टिचकी मारावी, ही एक. दुसरी, काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिण्याची. अशा आज्ञा एका फायलीत ओळीने लिहून ठेवल्या की तिची संहिता होते आणि ती कोणत्याही यंत्रावर पुन्हा चालवता येते. मी खिडक्यांचा पक्षपाती होतो. खिडक्या मराठी बोलतात; स्वयंसेवकांनी त्यांची भाषांतरे केली आहेत. काळ्या पडद्याला आज्ञा रोमन लिपीतच लागते. शिवाय तेथे प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीचे घर असल्याने देवनागरीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला हा अपमानच वाटतो. म्हणून एका विद्यार्थ्याने वीस ओळींची संहिता तीन यंत्रांवर बसवली, तेव्हा चौथ्याला मी त्याला हात लावू दिला नाही.

गेल्या उन्हाळ्यात नेमकी त्याच चौथ्या यंत्राची हार्ड डिस्क गेली. नोंदींची रोज रात्री निघणारी सुरक्षित प्रत तीन महिने निघालीच नव्हती. खिडकीतली ती खूण कोणीतरी काढली होती. कोणी, केव्हा, कशासाठी, याचा मागमूस नव्हता. बहुधा मीच. टिचकीला हस्ताक्षर नसते. त्या नोंदी एका दिवंगत मित्राच्या संग्रहाच्या होत्या, त्याने समासात पेन्सिलीने केलेल्या टिपांसह. पुस्तके तोवर वाटून गेली होती.

विद्यार्थ्याने मग आपली संहिता मला उघडून दाखवली. हॅशच्या खुणेने सुरू होणारी ओळ संगणक वाचत नाही. ती माणसासाठी असते. तेथे त्याने मराठीत लिहिले होते : ‘ही वेळ बदलू नये. दहानंतर वीज बंद करतात.’ पोथीच्या समासात लेखकू असेच लिहीत.

महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीत होते. पंथाबाहेरच्यांना ते शतकानुशतके वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या परिश्रमांनी ती लिपी उलगडली. उलगडायला ती लिहिलेली तरी होती! तरीही माझी शंका पुरती गेलेली नाही. हा विद्यार्थी उद्या नोकरीसाठी पुण्याला गेला, तर आमच्याकडे त्या वीस ओळी कोण वाचणार?

म्हणून मी अट घातली : प्रत्येक आज्ञेवर मराठी टीप हवी. चौथ्या यंत्रावर संहिता बसवताना पहिली टीप मीच लिहिली. तारीख, माझे नाव आणि मित्राचे. काळ्या पडद्यावर त्याच्या नावातले जोडाक्षर तुटून दिसले. विद्यार्थी म्हणाला, ‘सर, रोमनमध्ये लिहू का?’ मी नको म्हटले.