माया संपली? कोण म्हणतं!

मेक्सिको म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? मोठ्ठी टोपी, झुपकेदार मिशा, निवडुंग आणि टकीला. युकातान द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर यातलं (टकीला सोडली तर) फारसं काही दिसत नाही. इथे आहे कॅरिबियन समुद्र, पिठासारखी पांढरी वाळू आणि तिच्या मागे लगेच सुरू होणारं सपाट जंगल. सपाट म्हणजे अगदी पोळपाटासारखं. डोंगर नाही, घाट नाही आणि सगळ्यात विचित्र म्हणजे नदी नाही! कोकणात फिरताना दर थोड्या वेळाने एक पूल, एक खाडी लागतेच. इथे कॅनकून ते तुलुम या साधारण १३० किलोमीटरमध्ये मी एकही नदी ओलांडली नाही. मग एवढी मोठमोठी शहरं वसवणारे माया लोक पाणी कुठून आणत होते? हा एक प्रश्न सोबत घेऊन फिरा. नुसत्या बीच हॉलिडेची एकदम वेगळीच ट्रिप होते.

सुरुवात कॅनकूनपासून, कारण बहुतेक विमानं तिथेच उतरतात. हे शहर सरकारने चक्क नकाशावर आखून, ठरवून वसवलं. काम सुरू झालं १९७० मध्ये. त्याआधी इथे होता वाळूचा एक लांबट पट्टा आणि मोजकी माणसं. हा सगळा प्रदेश, म्हणजे किंताना रो, मेक्सिकोचं पूर्ण राज्य झाला तोही १९७४ मध्ये. थोडक्यात, आपल्या आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम आणि कॅनकून साधारण एकाच वयाचे! हॉटेलं चकाचक, नाइट लाइफ जोरदार. पण एक रात्र पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ दक्षिणेची बस पकडा.

तुलुमचे अवशेष समुद्राला लागून असलेल्या उंच कड्यावर आहेत. तीन बाजूंना दगडी तट, चौथ्या बाजूला खाली फेसाळणारा समुद्र. सिंधुदुर्ग-विजयदुर्ग बघत वाढलेल्या माणसाला ही जागा बघताक्षणी आपली वाटते. पण हा किल्ला कमी आणि बंदर जास्त. तेराव्या ते पंधराव्या शतकात इथून व्यापार चालायचा. होड्यांमधून जेड यायचं, ऑब्सिडियन नावाचा काचेसारखा धारदार ज्वालामुखी दगड यायचा. १५१८ मध्ये स्पॅनिश दर्यावर्दी ग्रिहाल्वा या किनाऱ्याने गेला, तेव्हा शहर नांदतं होतं. मंदिरांच्या दारांवर एक देव चक्क उलटा, डोकं खाली पाय वर, असा कोरलाय. ‘उतरणारा देव’ म्हणतात त्याला. वरून तो नेमकं काय घेऊन येतोय, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मला विचाराल तर मे महिन्याच्या त्या उकाड्यात त्याने पाऊसच आणावा!

आता पाण्याचं उत्तर. ते आहे पायाखाली. हे अख्खं द्वीपकल्प म्हणजे चुनखडीचा एक प्रचंड स्पंज. पाऊस पडला की पाणी वर वाहत नाही, सरळ आत झिरपतं आणि जमिनीखालच्या गुहांमधून नद्या होऊन समुद्राकडे जातं. जिथे गुहेचं छत कोसळतं, तिथे तयार होते एक नैसर्गिक विहीर. तिला म्हणतात ‘सेनोते’. मूळ माया शब्द ‘त्सोनोत’. चिचेन इत्झा या जगप्रसिद्ध शहराच्या नावाचा अर्थच मुळी ‘इत्झांच्या विहिरीच्या तोंडाशी’ असा आहे. तिथल्या पवित्र सेनोतेमधून सोनं, जेड आणि माणसांची हाडंही निघाली आहेत. पाणी हाच देव आणि त्याला दिलेली ही दक्षिणा.

तुलुमजवळच्या एका सेनोतेत मी उतरले. लाकडी शिडी, खाली थंडगार पाणी, काचेइतकं स्वच्छ. वरच्या झाडांची मुळं छतातून दोरखंडासारखी लोंबत पाण्यापर्यंत आलेली. या भागातल्या पाण्याने भरलेल्या गुहांमधली साक आक्तुन ही एकच साखळी २०१८ मध्ये पाणबुड्यांनी ३४७ किलोमीटर मोजली. मुंबई-पुणे अंतराच्या दुपटीहून जास्त! यातल्याच एका विवरात २००७ मध्ये एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा सापडला. वय किमान १२ हजार वर्षं. तेव्हा समुद्राची पातळी खूप खाली होती आणि या गुहा कोरड्या होत्या. ती बहुधा अंधारात आत खोल कोसळली. पाण्यावर पाठ टेकून तरंगताना हे आठवलं की अंगावर काटा येतो.

खायचं काय? मक्याच्या तोर्तिया, काळे घेवडे, केळीच्या पानात गुंडाळून भाजलेलं मांस आणि डोळ्यांतून पाणी काढणारी हाबानेरो मिरची. पण खरा धक्का बसला फळांच्या टोपलीत. तिथे होता चिकू! आपल्या घोलवडचा म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्याचं मूळ गाव इथलं. ‘चिकोसापोते’ या स्पॅनिश नावातलाच हा ‘चिकू’. माया लोक या झाडाचा चीक चघळायचे. त्या चिकाचं नाव ‘चिक्ले’. पुढे अमेरिकेतला च्युइंग गमचा धंदा अनेक वर्षं याच चिकावर चालला. आणि लाकूड इतकं टणक, की ग्वातेमालातल्या तिकालच्या देवळांमधल्या चिकूच्या लाकडाच्या तुळया हजार वर्षांनंतरही शाबूत होत्या.

एक गैरसमज मात्र इथेच सोडून यायला हवा, तो म्हणजे ‘माया लोक गूढरीत्या नाहीसे झाले’. २०१२ मध्ये त्यांच्या कॅलेंडरवरून जगबुडीचा केवढा धुरळा उडाला होता आठवतंय? जग राहिलं, आणि माया लोकही राहिलेत. युकातेक माया बोलणारे आज साडेसात लाखांहून जास्त आहेत. १८४७ मध्ये त्यांनी इथे उठाव केला आणि १९०१ पर्यंत या किनाऱ्याचा मोठा भाग सरकारला दाद देत नव्हता. आमचा गाडीवाला काका घरी फोनवर माया बोलायचा, पोलिसाशी स्पॅनिश आणि आमच्याशी इंग्रजी. म्युझियममधल्या काचेमागे नव्हे, माया संस्कृती माझ्या पुढच्या सीटवर बसली होती.

आणि म्हणूनच पुढची गोष्ट टोचते. डिसेंबर २०२३ मध्ये इथे ‘त्रेन माया’ सुरू झाली. द्वीपकल्पाला वळसा घालणारी, दीड हजार किलोमीटरहून लांब रेल्वे. रोजगार येईल, आतली गावं जोडली जातील, हे खरंच. पण कॅनकून-तुलुम टप्प्यात उन्नत मार्गासाठी ठोकलेले खांब गुहांची छतं फोडून पाण्यात उतरल्याचं पाणबुड्यांनी दाखवून दिलं. हॉटेलं वाढतायत, त्यांचं सांडपाणीही. चुनखडीला गाळणी नसते. वर जे सांडेल ते खाली प्यायच्या पाण्यात आणि तिथून समुद्रातल्या प्रवाळापर्यंत पोचतं. काकाला रेल्वेबद्दल विचारलं. तो म्हणाला, पोराला तिथे नोकरी लागली तर मला आनंदच आहे, पण विहिरीचं पाणी त्यालाच प्यायचंय. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जाणार असाल तर थोडं कामाचं. व्हॅलिड अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. तरी निघण्याआधी नियम तपासाच. हवा उत्तम ती डिसेंबर ते एप्रिल. जून ते नोव्हेंबर वादळांचा सीझन. उन्हाळ्यात सार्गासम नावाच्या तपकिरी समुद्री शेवाळाचे ढीग किनाऱ्यावर येतात, तेव्हा फोटोतल्या निळ्या पाण्याची गॅरंटी नाही. सेनोतेत उतरण्याआधी शॉवर घ्या, सनस्क्रीन लावू नका. हॉटेल पॅकेजपेक्षा गावातल्या लोकांनी चालवलेल्या सेनोतेत जा. तिकिटाचे पैसे त्यांच्या घरात जातात.

आणि जाण्यापूर्वी माया भाषेतले दोन शब्द पाठ करा. कुणी भेटलं की विचारायचं, ‘बाश का वालिक?’ शब्दश: अर्थ, ‘काय म्हणताय?’ त्यावर उत्तर येतं, ‘मिश बाल’. म्हणजे, ‘काही नाही’. एवढ्या लांब येऊन अगदी आपल्या कोपऱ्यावरचा संवाद ऐकायला मिळतो, राव!