शिरूर ते जेद्दा

तिकिटं हातात देताना एजंट म्हणाला, "मुंबई ते जेद्दा, फक्त साडेपाच तास." खालाजान लगेच खूश. त्यांचं अर्धं आयुष्य दौंडच्या रेल्वे कॉलनीत गेलं, आणि तिथे साडेपाच तास म्हणजे काहीच नाही. आम्हाला मात्र त्यांच्या गुडघ्यांची काळजी होती.

फज्र पढून शिरूर सोडलं. न्हावऱ्यावरून चौफुल्याला आलो. दौंडहून आलेल्या खालाजान तिथे पिशवी छातीशी धरून उभ्याच होत्या. विमानतळावर पोहोचेपर्यंत दुपार झाली. तिथे जोहरची कसर पढलो. शिरूरहून नुसतं पुण्याला गेलं तर कसर होत नाही, कारण अंतर सत्तरच्या आतबाहेर आणि हनफी हिशेब ४८ मैलांचा, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटरचा.

चार वाजता विमान उडालं. समोरच्या पडद्यावर अंतर दिसत होतं : साडेतीन हजार किलोमीटर, जवळजवळ सरळ पश्चिमेला. आमचे नाना हेच अंतर जहाजाने गेले होते. मुंबईहून हाजींना नेणारी जहाजं १९९५ साली बंद झाली.

खालाजानना एकच धास्ती होती. झोप लागली, एहरामची नियत राहिली आणि विमान मीकात ओलांडून गेलं तर? मग दम द्यावा लागेल, कुर्बानी करावी लागेल. आम्ही म्हटलं, "घोषणा होते, आम्ही उठवू." पण त्यांनी डोळा लावला नाही. तस्बीह फिरवत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

सूर्यही मावळेना! सूर्य पश्चिमेला चाललेला आणि आम्हीही त्याच्यामागे. घड्याळात साडेसहा झाले. शिरूरला मगरीबची अजान झाली असणार, इथे मात्र ऊन. तो बुडाला तेव्हा आमच्या घड्याळात साडेआठ होत आले होते. खाली वाळवंट तांबूस झालं होतं.

थोड्या वेळाने मीकातची घोषणा झाली. पुरुषांनी एहरामच्या चादरी मुंबईतच बांधल्या होत्या. सगळ्यांनी नियत केली आणि विमानभर तलबियाचा आवाज उठला. खालाजानचा आवाज फुटेना. आम्ही त्यांचा हात धरला. मग हळूच, अडखळत, त्यांनी सुरुवात केली.

उतरलो तेव्हा जेद्दात सात वाजले होते, आमच्याकडे साडेनऊ. तपासणी, सामान आणि बसची वाट यांत आणखी दोन तास गेले. खालाजान बाकावर गुडघे दाबत बसल्या होत्या.

"मक्का अजून किती लांब?"

"ऐंशी किलोमीटर."

"म्हणजे दौंड ते पुणे," असं म्हणून त्या काठी टेकत उठल्या आणि बसच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.