फुगा रिकामा व्हायला उशीर

बलून पंप चालवताना माझ्या हातून चूक झाली आणि ती मी लपवली. पनवेलच्या एका रुग्णालयात तेव्हा मी आयसीयू टेक्निशियन होतो.

मोठ्या हार्ट अटॅकनंतर हृदयाची ताकद खचली, की मांडीच्या धमनीतून एक लांबट फुगा महाधमनीत सरकवतात. खाटेशेजारचं मशीन ईसीजीवरून ठोका ओळखून त्यात हेलियम सोडतं आणि काढून घेतं. महाधमनीची झडप मिटली की फुगा फुगतो, हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांना जास्त रक्त मिळतं. पुढच्या ठोक्याला झडप उघडताना मात्र तो रिकामा झालेला हवा. नाडी शंभरची असेल तर हे सगळं सेकंदाच्या आत.

फुगा जितका जास्त वेळ फुगलेला तितका फायदा जास्त, असं मी धरून चाललो. रिकामा होण्याची वेळ थोडी थोडी पुढे सरकवली. मॉनिटरवर वरचा आकडा छान दिसत होता. नोंदवहीत लिहिलं, ‘टायमिंग बरोबर’. पहाटेकडे रुग्णाची नाडी वाढली, त्याला घाम फुटला. डॉक्टरांनी औषधाचा डोस वाढवला.

सिस्टर आल्या. “आधी १:२ वर टाक रे,” म्हणाल्या. एका ठोक्याला फुगा, दुसऱ्याला नाही, म्हणजे दोन्ही लाटा शेजारी दिसतात. फुग्यानंतरची दाबाची रेघ एरवीपेक्षा खाली उतरायला हवी होती. आमची वर अडकली होती. आधीच थकलेलं ते हृदय भरल्या फुग्यावर रक्त ढकलत होतं. सिस्टरांनी वेळ मागे घेतली, तशी रेघ खाली आली.

मी डॉक्टरांना काही सांगितलं नाही. पुढे २०१२ चा जर्मनीतला अभ्यास वाचनात आला. अटॅकनंतर शॉकमध्ये गेलेल्या ६०० रुग्णांत बलून पंपाने तीस दिवसांतले मृत्यू कमी झाले नव्हते. मग माझ्या त्या मिनिटांनी काय बिघडलं असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती खोटी होती. पंपाचा फायदा होतो की नाही हा एक प्रश्न. चुकीच्या वेळी फुगलेला फुगा अपायच करतो, आणि तो मी केला होता.

रुग्णाला नंतर मुंबईला हलवलं. फाइलबरोबर माझी ‘टायमिंग बरोबर’ ही नोंदही गेली. तिच्याखाली दुरुस्तीची एक ओळ लिहिणं मला सहज शक्य होतं. औषध का वाढवावं लागलं, ते तिथल्या डॉक्टरांना त्या ओळीवरून कळलं असतं.